सहा सेकंदांची पाळी

पहिल्याच रविवारी मास्तरांनी माझ्या तीन पाळ्या खाल्ल्या.

राक्षस समोर होता, माझ्या हातात तलवार होती आणि मी "म्हणजे मी काय करते, की..." एवढंच म्हणत राहिले होते. टेबलावर स्वयंपाकघरातला एक पांढरा टायमर ठेवलेला होता. तो टिंग वाजला.

"गेली," मास्तर म्हणाले. "पुढचा."

"अहो, पण मी विचार करत होते."

"राक्षस करत नव्हता."

मी बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्या, लेबलं आणि रिपोर्ट कधी मिळेल म्हणून चिडलेली माणसं. रविवारी काहीतरी वेगळं हवं म्हणून प्राची मला अंबरनाथ पूर्वेला मास्तरांच्या, दोन मजले चढून जायच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. प्राची वांगणीच्या शाळेत गणित शिकवते. तिनं रिक्षात मला खेळ समजावला होता. कागद, फासे आणि तोंड, एवढ्यावर चालणारा खेळ. आपण प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक. एक जण गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतले राक्षस चालवतो. वार लागला की चुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. ऐकताना सोपं वाटलं होतं.

मास्तर शाळेतले मास्तर नव्हते. गोष्ट सांगणाऱ्याला या खेळात मास्टर म्हणतात, त्याचं आम्ही मास्तर करून टाकलं. ते एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलीनं कॉलेजात असताना आणलेलं या खेळाचं पुस्तक तिच्याआधी यांनीच वाचून काढलं, आणि मग सगळे नियम मराठीत उतरवून काढले. कारखान्याच्या निळ्या लॉगबुकांत, सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं दुरुस्त्या करून. खेळातल्या टर्नला त्यांनी 'पाळी' हा शब्द घातला होता. "आता कुणाची पाळी?" असं त्यांनी करड्या आवाजात विचारलं तेव्हा मी आणि प्राची एकमेकींकडे बघून फुटलोच. त्यांना काही कळलं नाही. "तीस वर्षं तीन पाळ्यांत काढली मी," ते म्हणाले, "त्यात हसण्यासारखं काय आहे?" आम्ही आणखी हसलो.

खेळाच्या नियमात एक पाळी म्हणजे सहा सेकंद. आणि जगभर लोक या सहा सेकंदांवर दहा-दहा मिनिटं चर्चा करत बसतात, याचा मास्तरांना मनापासून संताप होता. "सहा सेकंदांत जे होतं ते सहा सेकंदांत सांगा. नाहीतर नुसते उभे राहिलात असं मी धरीन." टायमर त्यांनाही लागू होता. राक्षस काय करतो ते तेही सहा सेकंदांच्या आत सांगायचे, आणि मी यायला लागल्यापासून ते एकदाही चुकले नव्हते.

चौथा गडी हरेश. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. मशीनं खाली आणि घर वर. राक्षसांसाठी सोंगट्या तोच आणायचा: जीन्सची पितळी बटणं, एका मुठीत चाळीस राक्षस. मोठ्या प्राण्यांसाठी मास्तरांकडे कारखान्यातले जुने नट-बोल्ट होते, आणि सगळ्यात मोठ्यासाठी मुठीएवढा एक पितळी व्हॉल्व्ह.

त्या घरातल्या विचित्र गोष्टींची आम्हाला हळूहळू सवय झाली. खेळ तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा, तीनला नाही आणि सव्वातीनलाही नाही. पावणेसहाला मास्तर वाक्याच्या मधे थांबायचे. "पाळी संपली. घरी जा." एकदा प्राचीची मांत्रीण दरीत अर्धी लोंबकळत होती, तिला आठवडाभर तशीच ठेवली. मास्तर स्वतः फासा कधी टाकत नसत. राक्षसाचा फासाही आम्हीच टाकायचा, "म्हणजे मी लबाडी केली असं म्हणायला नको." हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि पुढे बाथरूमपर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, दीड-दीड फुटावर आडव्या. हरेशला वाटायचं ते भुयाराचे नकाशे आहेत. तो त्यांच्यावरून उड्या मारत पाणी प्यायला जायचा. नगरपालिकेच्या एका पाटीवर 'प्रसाधणगृह' लिहिलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत मास्तरांनी तीन महिने रोज फोन केला. शेवटी कुणीतरी वैतागून 'ण'चा 'न' केला. त्या पाटीचा फोटो त्यांनी आम्हाला वाढदिवसाचा फोटो दाखवावा तसा दाखवला.

या सगळ्यात त्यांचा खरा जीव अडकला होता तो एका मंत्रात. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'चपळाई'.

हा मंत्र मांत्रिकानं कुणावर तरी टाकायचा. तो दहा पाळ्या टिकतो, म्हणजे मिनिटभर. ज्याच्यावर टाकला तो दुप्पट पळतो, त्याला वार लागणं कठीण होतं, आणि दर पाळीला त्याला एक जादा कृती मिळते. इथपर्यंत ऐकून प्रत्येक नवा खेळाडू खूश होतो. मास्तर इथून पुढे सुरू व्हायचे. जादा कृतीत काय करता येतं? एक वार. एकच. किंवा धावणं, किंवा शत्रूच्या टप्प्यातून निसटणं, किंवा लपणं, किंवा एखादी वस्तू वापरणं. दुसरा मंत्र टाकता येत नाही. शिवाय मांत्रिकाला सगळा वेळ त्या मंत्रावर ध्यान ठेवावं लागतं. त्याला जबर मार बसला की ध्यान मोडू शकतं. आणि मंत्र कसाही संपला, मुदतीनं किंवा ध्यान मोडून, तरी ज्याच्यावर तो होता त्याची एक अख्खी पाळी सुन्न जाते. हलता येत नाही, मारता येत नाही, काही करता येत नाही.

"मंत्र घेण्याआधी सुन्न पाळी मोजा," ते म्हणायचे. "आपण कुठे उभे असू, समोर कोण असेल. ते ठरलं असेल तरच घ्या."

आम्ही मोजत नसू. हरेश तर कधीच नाही.

त्याचा गडी होता लकी, भालाईत. दीड वर्ष खेळून त्यानं लकीला इतका वाढवला होता की लकी एका कृतीत दोन वार करायचा. एका रविवारी खिंडीत आम्हाला एक राक्षसांचा सरदार भिडला. प्राचीनं लकीवर चपळाई टाकली. हरेशनं हात चोळले.

"कृती दोन. एका कृतीत वार दोन. टोटल चार," तो म्हणाला.

"तीन," मास्तर म्हणाले. "जादा कृतीत एकच वार."

"कृती म्हणजे कृती ना मास्तर? मग पूर्ण द्या ना. अर्धी कशाला?"

"लिहिलेलं आहे. तीन. चार सेकंद राहिले."

हरेशनं तीन वार केले. तिन्ही लागले. सरदार गुडघ्यावर आला, पण मेला नाही. सगळ्यांना दिसत होतं की चौथ्या वारानं तो आडवा झाला असता. मग सरदाराची पाळी आली. मास्तरांनी दोन सेकंदांत सांगितलं, "तो लकीला सोडून मांत्रिणीवर धावतो." फासा मीच टाकला. अठरा. प्राचीची मांत्रीण कोसळली, ध्यान मोडलं, चपळाई उतरली. लकी सरदारासमोर भाला धरून सुन्न उभा राहिला. हरेशची पाळी आली आणि गेली, त्याला तोंड उघडायचीही परवानगी नव्हती. त्यानंतरच्या पाळीत लकी मेला.

खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता.

"एक वार," हरेश म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एका वारासाठी माझा माणूस मारला तुम्ही. कौन देखने आ रहा था? हे गेम आहे मास्तर, तुमची फॅक्टरी नाही."

"नियम तुला आधी सांगितला होता."

"नियम, नियम! दिल नाम की चीज आहे की नाही तुमच्याकडे?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. इतका थंड माणूस मी पाहिला नव्हता. हरेश चपला पायात सरकवून निघून गेला आणि पुढचे चार रविवार आला नाही.

पाचव्या आठवड्यात शनिवारी सकाळी मास्तरांचा फोन आला. "कॅम्प चारला जायचंय. तू येशील का बरोबर?" कशाला, ते सांगितलं नाही. रिक्षात ते सारखे घड्याळ बघत होते. रस्त्यात काहीतरी खोदून ठेवलं होतं, रिक्षा अर्धा तास एका जागी उभी राहिली, आणि मास्तर अधिकच गप्प झाले.

हरेशच्या गल्लीसमोर उतरलो. रस्ता ओलांडला की त्याचा कारखाना. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो, मधे दुचाक्या. आम्ही फट बघून निघालो. मी पुढे, ते मागे. पलीकडे पोचायला चार पावलं उरली असताना मी वळून पाहिलं तर मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"मास्तर, चला!"

ते उभेच. डोळे माझ्याकडे होते, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे. एक टेम्पो हॉर्न वाजवत येत होता. ड्रायव्हरला वाटत असणार की म्हातारा बाजूला होईल. मी परत धावले. तेवढ्यात कारखान्यातून हरेश उडी मारून बाहेर आला आणि दोन्ही हात पसरून टेम्पोच्या पुढ्यात उभा राहिला.

"ए! ब्रेक मार! ब्रेक मार बे!"

टेम्पो कचकन थांबला, त्याच्यामागे आणखी दोन. शिव्या सुरू झाल्या. हरेशनं मास्तरांचा दंड धरून जोरात ओढलं. मास्तरांचं वरचं अंग पुढे आलं, पाय तिथेच राहिले, आणि ते तोंडावर पडता पडता माझ्या खांद्यावर अडकले.

"ओढू नकोस," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला कान जवळ न्यावा लागला. "पाय टाक. माझ्या पायापुढे. आडवा."

मला कळेना. "काय?"

"तुझा पाय. आडवा. मी ओलांडीन."

मी माझी चप्पल त्यांच्या बुटापुढे आडवी ठेवली. एक क्षण काही झालं नाही. मागून कुणीतरी ओरडत होतं, "अरे उचलून घ्या ना त्याला!" मग त्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि माझा पाय ओलांडून पुढे पडला. मी दुसरा पाय आडवा टाकला. त्यांनी तोही ओलांडला. असे आम्ही तो रस्ता पार केला, सात की आठ पावलं, हरेश हात पसरून उलटा चालत आणि सबंध रस्ता हॉर्न वाजवत. आणि मधेच, चौथ्या की पाचव्या पावलाला, ती घरातल्या फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्यांची रांग माझ्या डोळ्यांसमोर आली.

हरेशनं त्यांना आत नेऊन जीन्सच्या गठ्ठ्यावर बसवलं. मास्तरांनी खिशातून गोळी काढून घेतली आणि हातानं आम्हाला थांबायला सांगितलं. पाऊण तास आम्ही मशीनांच्या खडखडाटात बसून राहिलो. मग त्यांचा आवाज परत आला.

कंपवात. सहा वर्षांपासून. "माझा कंप कमी आहे, गोठणं जास्त," ते म्हणाले, जणू एखाद्या पंपाचा दोष सांगत असावेत. गोळी घेतल्यावर चाळीसेक मिनिटांनी अंग सुटतं, मग अडीच-पावणेतीन तास ते चालतात, बोलतात, सहा सेकंदांत उत्तर देतात. उतरली की पाय गोठतात, आवाज बसतो, चेहरा हलत नाही. अडीचची गोळी रविवारसाठी राखलेली होती. म्हणून तीन दहा. म्हणून पावणेसहा.

हरेश त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "लकीच्या टायमाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू भांडला नसतास."

"मग?"

"मुलगी भांडत नाही, डॉक्टर भांडत नाही, शेजारी तर माझ्या पुढ्यात मोठ्यानंही बोलत नाहीत. तू भांडायचास. तेच सांगायला आलो होतो. रविवारी ये."

हरेशनं डोळे पुसले आणि गडबडीनं चहा मागवला. चहा पिताना तो हळूच म्हणाला, "मास्तर, आता तरी चार मान लो ना."

"तीन."

प्राचीला सांगायचं नाही, असं त्यांनी आमच्याकडून वचन घेतलं. पुढच्या रविवारी हरेश नवा गडी घेऊन आला, एक तिरंदाज. वाद पूर्वीसारखाच घालू लागला. मला मात्र आता घड्याळाकडे बघितल्याशिवाय राहवत नसे.

त्यांची मुलगी नाशिकला असते. तिनं त्यांना कधीपासून तिकडे बोलावलं होतं आणि मास्तर एकच उत्तर द्यायचे, "मोहीम संपू दे." मोहीम म्हणजे आमची, दोन वर्षं चाललेली, खाणीतल्या सर्पाला मारण्याची. मुलगी एकदा घरी आली असताना तिनं मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं, "ताई, किती दिवसांची असते हो ही मोहीम?" मी म्हटलं, मास्तर लांबवतील तितकी. पण ते लांबवणाऱ्यांतले नव्हते. सर्पाची गुहा जेव्हा यायची तेव्हाच आली, आणि मोहीम संपली तर मंगळवारीच गाडी घेऊन न्यायला येते, असं मुलीनं कळवलं.

त्या रविवारी प्राचीला शाळेचं परीक्षेचं काम निघालं. ती चार वाजता पोचली, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. मास्तरांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नकोस. पितळी व्हॉल्व्ह टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याच्याखाली एक घडी घातलेला कागद. त्यावर ते सर्पाचा उरलेला जीव लिहायचे आणि आम्हाला कधी दाखवायचे नाहीत.

पावणेसहा वाजले. मास्तर थांबले नाहीत. सर्पानं हरेशच्या तिरंदाजाला एका कोपऱ्यात चिरडत आणलं होतं. माझी तलवारबाईही रक्तबंबाळ होती. प्राचीनं माझ्यावर चपळाई टाकली. मी या वेळी मोजलं. पुढची पाळी सर्पाची. तो प्राचीवर गेला आणि तिचं ध्यान मोडलं तर मी त्याच्या जबड्यापुढे सुन्न उभी. मग मी मरणार, माझ्यामागून हरेश, मग प्राची. मास्तर काय करतात ते मला ठाऊक होतं. खिंडीत त्यांनी तेच केलं होतं.

सहाला पाच मिनिटं कमी होती. मास्तरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. अक्षर मुंगीएवढं झालं होतं. त्यांनी कागद व्हॉल्व्हखाली सरकवला.

"सर्पाची पाळी," प्राची म्हणाली आणि तिनं टायमर दाबला.

मास्तरांचे ओठ किंचित हलले. आवाज आला नाही.

प्राची डोळे मोठे करून बघत होती. तिला वाटलं, ते आमची मजा घेतायत, ताणून धरतायत. ती ओठ चावत हसत होती. मी हरेशकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

टायमर वाजला.

मास्तरांचे डोळे टायमरवर गेले आणि तिथून हरेशवर. चेहरा दगडी. पेन बोटांत तसंच. आता काय बोलायचं ते तिघांपैकी एकाला ठरवायचं होतं. "राहू दे, सर्पाची पाळी आपण नंतर घेऊ" असं म्हणणं किती सोपं होतं. आणि तसं म्हटलं असतं तर मोहीम आणखी एक रविवार चालली असती. तो विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. हरेशच्याही आला असणार. तो एक पितळी बटण टेबलावर गोल गोल फिरवत होता. मग त्यानं ते बटण बोटाखाली दाबून धरलं.

"मास्तर," तो म्हणाला. "पाळी गेली."

"अरे, असं काय करतोस?" प्राची म्हणाली. "मास्तर सांगतायत ना!"

"नाही. टाइम झाला. सर्प काही करत नाही." तो माझ्याकडे वळला. "तुझी पाळी. सहा सेकंद."

पहिला वार, फासा चौदा, लागला. जादा कृतीचा एक वार. एकच. फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. सतरा. दोन्ही वार मिळून पंचवीसचा घाव. आता सर्प मेला की नाही हे सांगणारा माणूस बोलू शकत नव्हता. प्राचीनं त्यांच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. तिनं हळूच व्हॉल्व्ह उचलला, कागद उलगडला आणि डोळ्यांजवळ नेला.

"तेवीस," ती म्हणाली.

आम्ही ओरडलो नाही. मी मास्तरांच्या शर्टाच्या खिशातून सहाची गोळी काढली, हरेशनं पाण्याचा पेला ओठांना लावला. प्राचीला मी खालच्या आवाजात दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि त्यांच्या बोटांतलं पेन सोडवून घेतलं. बाहेर उजेड कमी होत गेला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. मंगळवारी मुलगी गाडी घेऊन येईल, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

पाऊण तासानं मास्तरांनी घसा खाकरला. आम्ही तिघंही पुढे सरकलो.

"हरेश," ते म्हणाले. "टायमर वाजल्यावर किती वेळ घेतलास तू?"

"मास्तर, हिंमत नाही झाली एकदम."

"पुढच्या वेळी लगेच सांगायचं."

"हो मास्तर," हरेश म्हणाला. "लगेच सांगीन."